लोकरीचा पाटा

साताऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, बैठकीच्या खोलीतील फडताळात, एक निळी एनॅमलची किटली ठेवलेली असते. काठ पांढरा, तोटीजवळ टवका उडून आतले काळे लोखंड उघडे पडलेले, पोटावर खिडकीच्या उजेडाचा पांढरा ठिपका. नवा पाहुणा तिच्याकडे सहज पाहतो. घरातले कोणीतरी "हातात घेऊन पाहा ना" म्हणते, तेव्हा तो उठून ती उचलतो. उचलताच त्याचा हात हवा त्यापेक्षा वर जातो, तो क्षणभर गोंधळतो, आणि मग हसून म्हणतो, "अहो, ही तर लोकरीची! मुळीच वाटत नाही." हे वाक्य मी त्या घरात निदान पंचवीस वेळा ऐकले असेल. पहिल्यांदा ते मीच उच्चारले होते, आणि या लेखाचे कारण तेच आहे.

एखाद्या गवयाला मैफल संपल्यावर जाऊन "बुवा, माणूस गातो आहे असे वाटलेच नाही, सारंगीच वाजते आहे असे वाटले" असे म्हटले, तर बुवा हसून नमस्कार करतील. पण आपण गात होतो हे कोणाच्या लक्षात आले की नाही, या विचाराने रात्री त्यांना झोप लागणार नाही. लोकरीच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र आपण सगळे बेधडक हीच स्तुती करतो, आणि करणाऱ्यालाही ती गोड लागते. ज्या द्रव्यातून वस्तू घडली ते द्रव्य पाहणाऱ्याच्या ध्यानातच येऊ नये, यात तिचे यश, असा एक सिद्धान्त आपण नकळत मान्य करून बसलेलो असतो. तो मला चुकीचा वाटतो. का वाटतो हे सांगताना माझीच एक जुनी दाद मला परत घ्यावी लागणार आहे. आणि दाद परत घेणे हे उसने दिलेले पैसे परत मागण्याइतकेच अवघड काम असते.

प्रथम ही वस्तू होते कशी ते सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. या कामाला नीडल फेल्टिंग म्हणतात. फेल्ट म्हणजे नमदा; विणल्यावाचून, केवळ तंतू एकमेकांत गुंतवून केलेले लोकरीचे दाट वस्त्र. काश्मीरचे नमदे आपल्याला ठाऊक आहेत. आपल्याकडचे बुरणूस आणि जेन ही त्याच कुळातली. पण ती होतात पाण्याने, चोळण्याने, तुडवण्याने. सुईच्या कामात पाणी नाही, दोरा नाही, डिंक नाही. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका स्पंजाच्या गादीवर ठेवावयाचा आणि एका विशेष सुईने टोचत राहावयाचे. ही सुई तीन-साडेतीन इंच लांब असते. तिचे पाते बहुधा तिधारी, आणि धारांवर खालच्या दिशेने कातरलेल्या बारीक खाचा. सुई आत जाताना खाचांत अडकलेले तंतू आत ओढले जातात. बाहेर येताना खाचा त्यांना तेथेच सोडून येतात. एवढेच. पण हे एवढेच काही हजार वेळा केले की पुंजक्याचा गोळा होतो, आणि आणखी काही हजार वेळा केले की तो गोळा टेबलावर आपटला तर टप्‌ असा आवाज करण्याइतका घट्ट होतो. सुयांना जाडीचे क्रमांक असतात. ३६ची जाड, प्रारंभीच्या कामाची, ३८ची मधली, ४०ची बारीक, वरून साफ करण्याची. क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. ती तिरपी घुसवून सरळ ओढली तर मोडते, आणि करणारीचे लक्ष दुसरीकडे गेले तर बोटात जाते. माझ्या बहिणीच्या डाव्या तर्जनीला नेहमी पट्टी असते, ती यामुळे.

ही सुई मूळची कारखान्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा शेकडो सुया फळीवर बसवून यंत्राने नमदे करतात. फळीवरची एक सुई काढून हातात धरण्याची युक्ती १९८०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड व एलेनॉर स्टॅनवुड या जोडप्याने रुजवली, असे मानले जाते. पुढे जपानात तिला अमाप लोकप्रियता मिळाली, आणि लोकर, सुया व नकाशा एका पाकिटात घालून विकणारे उद्योग उभे राहिले. नमद्याला आकार देण्याची हौस मात्र फार प्राचीन आहे. सायबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरीक येथे १९४९ साली उघडलेल्या थडग्यात नमद्याचे हंस सापडले; बर्फात गोठून राहिल्यामुळे सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेले. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. पण ते शिवलेले आणि आत भराव घातलेले हंस. पोटात आणि पाठीवर एकच द्रव्य, तेही शिवणीवाचून, ही गोष्ट या एकट्या सुईने सोपी केली.

आता या क्रियेचा स्वभाव पाहा. पाथरवट दगडातून काही काढून टाकतो. कुंभार मातीला जोडतो, दाबतो, वाटल्यास खरवडतो. सुईच्या कामात काढून टाकणे जवळजवळ नाहीच. गोळ्यात जेवढी लोकर घातली तेवढी त्यात राहते. फक्त ती आत आत जाते आणि वस्तू लहान होत जाते. लहान होणे हीच येथली घडण. चार इंचांची वाटी हवी असेल तर सहा इंचांच्या ढगापासून आरंभ करावा लागतो, आणि तो ढग नेमका चार इंचांवर थांबेल याची हमी कोणी देत नाही. कॉलिंगवुडने १९३८ साली कला आणि कारागिरी यांच्यामध्ये जी रेघ ओढली, तिचे एक टोक असे की, कारागिराला काय करावयाचे आहे ते करण्यापूर्वीच ठाऊक असते. ती रेघ आमच्या समीक्षकांनी इतकी वर्षे इतकी गिरवली आहे की कागद फाटावयाची वेळ आली. पण माझ्या बहिणीला वाटी करावयाची असते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की कोणती वाटी होणार ते तिला चौथ्या दिवशी कळते.

या द्रव्याचे हट्ट आहेत. सगळ्यांत मोठा हट्ट काठाचा. कपाचा काठ चिनी मातीत किती पातळ असतो ते ओठांना ठाऊक असते. लोकरीत तेवढा पातळ काठ राहत नाही. तो लुळा पडतो. मग करणारीपुढे दोन वाटा उरतात. एक, काठ टोचून टोचून पुठ्ठ्यासारखा कडक करावयाचा; तसे केले की तेथे सुईची छिद्रे उमटतात, कड दातेरी होते, आणि पाहणाऱ्याला कपाऐवजी कष्ट दिसू लागतात. दुसरी वाट, काठ जाडच ठेवावयाचा, करंगळीएवढा, आणि बाकीच्या कपाला त्या काठाशी जुळवून घ्यावयास लावावयाचे: पोट थोडे फुगवावयाचे, कान गुबगुबीत करावयाचा, बशी खोल करावयाची. पहिल्या कपात चिनी माती हरते आणि लोकरही हरते. दुसऱ्या कपातून कोणी चहा प्यालेला नाही आणि पिणारही नाही, पण तो कप आहे. मर्ढेकर ज्याला संवादलय म्हणत तिचा याहून घरगुती दाखला मला सुचत नाही.

काही वस्तू तर या द्रव्याकडे जाऊच नयेत. बहिणीने एकदा विळी केली. लाकडी पाट उत्तम उतरला, पण पाते बोटाएवढे जाड; त्या विळीने लोणीदेखील कापले गेले नसते. उलट बटाटा, लाडू, उशी यांना लोकर इतक्या सहज वश होते की त्यांत पाहण्यासारखे काही उरत नाही. द्रव्य आणि वस्तू यांचे थोडे भांडण हवे, पण ते घर मोडण्याइतके नको. किटली या दृष्टीने चांगली निवड होती. पोट गोल, म्हणून लोकरीला मानवणारे. तोटी आणि कडी अडचणीच्या. तोटीचे बूड तिने सैल ठेवले होते. ते सैल तंतू पोटात टोचून सांधा असा बेमालूम केला की तो शोधूनही सापडत नाही. तोटीजवळचा टवका तर बहारीचा आहे. तेथे काळी लोकर किंचित खोल बसवून भोवती निळ्याची जाड कड ठेवली आहे. एनॅमलचा थर उडाल्यावर कड तशीच दिसते. येथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पोटावरच्या पांढऱ्या ठिपक्याविषयी.

लोकर चकाकत नाही. तिच्यावर पडलेला उजेड तंतूंच्या गर्दीत विरून जातो. म्हणून लोकरीच्या वस्तूची छाया मऊ दिसते आणि कडा थोड्या धूसर असतात. एनॅमल मात्र चकाकते. ही चकाकी आणावयाची कशी? या कामातली रूढ युक्ती अशी की पांढऱ्या लोकरीचे चार तंतू घेऊन पोटाच्या वरच्या अंगाला लांबट ठिपका टोचून द्यावयाचा. दुरून पाहणारा फसतो, छायाचित्रात तर हमखास फसतो. पण तुम्ही खोलीत दोन पावले चाला. खऱ्या किटलीवरचा चकाकीचा ठिपका तुमच्याबरोबर सरकतो. तो किटलीचा नसतोच, तो खिडकी, किटली आणि तुम्ही अशा तिघांचा असतो. लोकरीच्या किटलीवरचा ठिपका जागचा हलत नाही. रात्री दिवा मालवला तरी तो तेथेच आहे. एकदा हे लक्षात आले की तो ठिपका चकाकी न दिसता डाग दिसू लागतो.

हे मी बहिणीला बोलून दाखवले, तेव्हा सुई खाली न ठेवता ती म्हणाली, "दादा, चित्रकार घागरीवर असाच पांढरा फटकारा देतात, तेव्हा तू व्वा म्हणतोस. मी दिला तर खोटा?" मी निरुत्तर झालो, आणि एस. टी.ने परत येईपर्यंत निरुत्तरच राहिलो. उत्तर मागाहून सुचले ते असे. चित्रकार केवळ घागर रंगवीत नाही, तो पाहणाऱ्याची जागाही रंगवतो. येथे उभे राहा, या खिडकीतून, या वेळी पाहा, असे चित्र आपल्याला सांगत असते, आणि आपण ते मान्य केलेले असते. तुम्ही चित्रासमोर कितीही फिरा, चित्रातल्या खोलीत तुम्ही हलत नाही. म्हणून तेथला ठिपका खरा. फडताळातली किटली तुमची जागा ठरवू शकत नाही. तिच्याभोवती फिरता येते, तिला हातात घेता येते, उलटी करता येते. जी वस्तू आपल्या खोलीत, आपल्या उजेडात राहावयास आली, तिने दुसऱ्या कोणत्या तरी खोलीचा उजेड अंगावर गोंदवून घेऊ नये. बहिणीला हे पटले असे नाही. ती म्हणाली, "पण ठिपका नसला तर ती कोणाला एनॅमलची वाटणार नाही." मी म्हणालो, "न वाटो." ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तूच म्हणाला होतास ना, लोकरीची वाटत नाही म्हणून?"

म्हणालो होतो. त्यानंतर तिने केलेल्या स्टोव्हवर, तांब्यावर, बरणीवर, प्रत्येक वस्तूवर एकेक पांढरा ठिपका आहे. टीकाकाराची दाद कोणाच्या कामात शिरून काय करते याचा हिशेब आम्ही सहसा करीत नाही. साहित्यातही हे घडते. एखाद्या लेखकाच्या गावाकडच्या गोष्टीतील चार बोलीतले शब्द आम्ही उचलून धरतो, 'मातीचा वास' वगैरे म्हणतो, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या व इतरांच्या गोष्टींत ते चार शब्द ठरलेल्या जागी येऊन बसतात. गोष्ट कोणत्याही बाजूने पाहा, ठिपका जागचा हलत नाही.

पश्चिमेकडे घरगुती वस्तूंना मऊ करण्याचे काम मोठमोठ्या कलावंतांनी केले आहे, आणि तेथे आमच्या सुईकामाचे गोत्र शोधण्याचा मोह होतो. मेरेट ओपेनहाइमने १९३६ साली कप, बशी आणि चमचा यांना हरणाचे केसाळ कातडे चढवले. तो कप ओठांना लावण्याच्या नुसत्या कल्पनेने अंगावर शहारा येतो. पण त्या केसांखाली दुकानातून आणलेला खरा कप आहे. शहारा येतो तो कप अजून कप आहे म्हणूनच. क्लेस ओल्डेनबर्गने १९६३ साली मऊ टंकलेखनयंत्र आणि १९६६ साली मऊ कमोड केला, व्हिनाइलच्या पिशवीत सावरीसारख्या झाडाचा कापूस भरून. त्याच्या वस्तू गळून पडतात, लोंबतात. त्यांचा खरा विषय गुरुत्वाकर्षण. (त्यांतील पुष्कळ वस्तू शिवल्या त्याच्या त्या वेळच्या पत्नीने, पॅटीने. शिवणाऱ्या हाताला छंदी आणि शिवून घेणाऱ्याला शिल्पकार म्हणण्याची पद्धत फक्त आपल्याकडे आहे असे कोणी समजू नये.) अलीकडे लूसी स्पॅरो या इंग्रज स्त्रीने २०१४ साली लंडनमध्ये सुमारे ४००० नगांचे एक अख्खे वाणसामानाचे दुकान नमद्यातून उभे केले. पण ते कापून शिवलेले. तिचे लक्ष डब्यावर नसून डब्यावरच्या छापाकडे आहे. मोठे गमतीचे दुकान ते. पण त्यातली वस्तू म्हणजे तिचे वेष्टण. या सर्वांत वरचे एक आणि आतले एक. सुईने केलेली वस्तू आरपार एकच असते. तेव्हा हे गोत्र जुळत नाही, आणि न जुळल्याचे मला दुःखही नाही.

एक मात्र येथे घेतले पाहिजे. योझेफ बॉइसने १९६६ साली एक मोठा पियानो नमद्याच्या जाड खोळीत बंद केला. त्यातून आवाज येत नाही. येऊ शकला असता एवढे मात्र सतत जाणवत राहते. बहिणीच्या फडताळापुढे मला तो पियानो आठवतो. भांडी म्हणजे आवाज. आपल्या घरात सकाळ झाली हे भांड्यांवरून कळे; आई रागावली हेही भांड्यांवरूनच कळे. या फडताळात तांब्या आहे, स्टोव्ह आहे, कपबश्या आहेत, आणि तो खाली पडला तरी शेजारच्या खोलीत कोणाला पत्ता लागणार नाही. डोळ्यांना स्वयंपाकघर दिसते आणि कान रिकामे राहतात.

तशीच गोष्ट वजनाची. पाहुण्याचा हात वर जातो तो यामुळे. डोळा हाताला आधी सांगून ठेवतो की हे इतके जड असणार. हात तेवढी तयारी करतो आणि फसतो. हा विरोध आहे, आणि तो सुखद आहे. परंतु मर्ढेकरांच्या अर्थाने ही विरोधलय होय का, याची मला शंका आहे. कारण येथे एक संवेदना दुसऱ्या संवेदनेला भेटत नाही, ती एका अपेक्षेला भेटते. आणि अपेक्षा एकदाच फसते. दुसऱ्यांदा किटली उचलताना माझा हात बेताने उठला. तिसऱ्यांदा मी ती उचललीच नाही. ज्या वस्तूचे सर्वस्व पहिल्या गमतीत आहे ती दुसऱ्या भेटीला काय देते? मला वाटते, कलाकृतीची परीक्षा येथे, दुसऱ्या भेटीत, सुरू होते. कोडे सुटल्यावरही कोडे पुन्हा वाचावेसे वाटते का?

या परीक्षेत त्या फडताळातल्या बहुतेक वस्तू उतरत नाहीत, हे मला भाऊ असूनही म्हटले पाहिजे. उतरते ती वस्तू फडताळात नाही. ती बहिणीच्या कामाच्या टेबलाखाली, सुया टोचून ठेवण्यासाठी वापरलेली असते. तो एक पाटा आहे.

तो झाला काटकसरीतून. किटलीसाठी लागते ती मेरिनो मेंढीची परदेशी लोकर. तलम, रंगवलेली, वजनावर महाग. पोटातल्या भरावासाठी तरी देशी लोकर चालेल म्हणून बहिणीने माण तालुक्यातील एका मेंढपाळाकडून दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर आणली. त्याने पोतेभर लोकर जवळजवळ फुकटच दिली. घोंगड्यांचे गिऱ्हाईक आटल्यापासून या लोकरीतून कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि ती माळावर फेकून दिली जाते. पोत्यात लोकरीबरोबर कुसळे, लेंड्या आणि माणचा माळ हेही आले. तीनदा धुऊन, कुत्र्याचे केस विंचरण्याच्या दोन ब्रशांनी पिंजून जे उरले ते राठ, आखूड, मधूनमधून ताठ केस असलेले, कोणत्याच निश्चित रंगाचे नसलेले द्रव्य होते. त्यातून उगाच काहीतरी करावे म्हणून तिने आमच्या आईचा पाटा केला. चार महिने लागले. लांबी दीड वीत. तोलला तेव्हा सहाशे ग्रॅमच्या आसपास भरला. पाहुण्यांना दाखवला, तर कोणी काही म्हणेना. दगडाचा तुकडा दगडासारखा, त्यात काय पाहावयाचे? चकाकीचा प्रश्नच नव्हता, म्हणून ठिपकाही नाही. मीही वर्षभर त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जात होतो.

मग एकदा टेबलाखालची पडलेली सुई शोधताना तो जवळून पाहिला. पाट्याला टाकी लावतात हे नव्या वाचकांना सांगावे लागेल. दगड वापराने गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही. मग पाथरवटीण दारावर ओरडत येई, आणि छिन्नी-हातोडीने पाटाभर बारीक घाव घालून तो पुन्हा खरखरीत करून देई. या लोकरीच्या पाट्याच्या कडांना ३६च्या सुईची छिद्रे तशीच ठेवलेली आहेत. एरवी ही छिद्रे म्हणजे दोष. ४०ची सुई मुळी ती मिटवण्यासाठी असते. येथे ती टाकीचे घाव झाली आहेत. झाली आहेत म्हणताना मी शब्द मोजून वापरतो. घावांसारखी दिसतात असे मला म्हणावयाचे नाही. पोलादाच्या टोकाने पुन्हापुन्हा आघात करून पृष्ठभागावर पाडलेला बारीक खळगा, ही टाकीची व्याख्या, आणि हीच त्या छिद्राची व्याख्या. किटलीवरचा ठिपका चकाकीचे सोंग घेतो. हे छिद्र कशाचेही सोंग घेत नाही.

पाट्याच्या मध्यावर तो खोलगट भाग आहे. आईच्या पाट्याला तो होता. थोडा डावीकडे कललेला, कारण आई डावरी होती. दगडात तो कोणी कोरला नव्हता. चाळीस वर्षे रोज सकाळी वरवंटा त्याच जागेवरून पुढे गेला आणि मागे आला, त्याने तो पडला. आणि लोकरीत खोलगट भाग कसा पडतो? त्याला दुसरी युक्तीच नाही. काही काढून टाकता येत नाही, साचा दाबून चालत नाही. त्याच जागेवर टोचत राहावयाचे, दिवसेंदिवस, म्हणजे तेथली लोकर घट्ट होत होत खाली बसते. दगड झिजून खोल झाला, लोकर दाटून खोल झाली. परंतु दोन्ही ठिकाणी एका बाईचा हात एकाच जागेवर कितीतरी हजार वेळा गेला, एवढ्यावरच तो आकार उभा आहे. खळग्यात बोट फिरवले तर तेथे छिद्रे नाहीत. बारीक सुईने ती मिटवली आहेत, वापराने टाकी बुजते तशी. काठाकडे येताना ती हळूहळू उमटू लागतात. राठ केस मधूनमधून वर आलेले आहेत. ही लोकर आहे हे क्षणभरही विसरता येत नाही. आणि हा पाटा आहे हेही.

मी तो उचलला. हात फसला नाही, कारण वजन मला ठाऊक होते. तरी मी तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

आईचा पाटा आता नाही. घर विकले तेव्हा तो परसात, मोरीजवळ होता. कोणी उचलून आणला नाही. जड होता, आणि सगळ्यांच्या घरी मिक्सर होते. ही हकिकत मी येथे देऊ नये असे मला वाटत होते, कारण वाचक म्हणेल, तुमच्या आईचा पाटा म्हणून तुम्हाला तो आवडला. ही शंका मी स्वतःलाही विचारून पाहिली. किटलीही आईचीच होती; टवक्यासकट. तिच्याविषयी मला असे काही वाटत नाही. शिवाय तो खळगा ज्याने पाटा पाहिला आहे त्याला कोणाचाही वाटेल. तेव्हा शंका पूर्ण फिटली असे नाही, पण तिची धार बरीच कमी झाली.

बहिणीला मी हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. खोलगट भाग तसाच का केला, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तसाच होता म्हणून. फार वेळ लागला पण. दोन सुया मोडल्या." टाकीविषयी विचारले, तर कडा साफ करावयाचा तिला कंटाळा आला होता, असे उत्तर आले. ते खरे मानावे की नाही हे मला ठरवता आले नाही. पाटा फडताळात ठेव, असे मी सुचवले. त्याला कसर लागली आहे, डांबरगोळ्या घालून पिशवीत बांधून ठेवावा लागेल, आणि सुया कशात टोचून ठेवू, असे तीन आक्षेप तिने एका दमात घेतले. देशी लोकरीला कसर लवकर लागते, असे तिचे म्हणणे. माझ्या मते ती मेरिनोलाही तितकीच आवडते, पण फडताळाची झाडलोट रोज होते.

किटलीवरचा ठिपका मात्र तिने काढला. म्हणजे काढला नाही, तो काढता येत नाही. आत गेलेला तंतू बाहेर येत नाही. तिने त्याच्यावर निळी लोकर टोचली. दुपारच्या उजेडात त्या जागी निळा रंग किंचित फिका दिसतो. आता कुठे तेथे खरी चकाकी आल्यासारखी वाटते, असे ती म्हणते. मला तसे वाटत नाही. दिवाळीत पाहुणे येतील, त्यांना विचारू.